डाव्या हाताचा घास

बाबांना हे तोंडाने सांगणं मला जमलेलं नाही, म्हणून लिहितो.

आईबाबांच्या लग्नाचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. निगेटिव्ह मात्र एका डब्यात शाबूत सापडली. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तीच मोठी करून द्यायची, असं मी ठरवलं.

नौपाड्यातला लॅबवाला म्हणाला, "या मापाची आमच्या मशीनमध्ये बसत नाही. काळ्या पुठ्ठ्याची चौकट करून त्यात चिकटवून आणा. चकचकीत बाजू वर, मंद बाजू खाली. नाहीतर फोटोत डावं उजवीकडे जाईल."

ठाकुर्लीला घरी येऊन मी टेबलावर धुतलेली चादर अंथरली, हातमोजे घातले, निगेटिव्हवरची धूळ उडवली.

"पेशंट वाचेल ना?" बायकोने विचारलं.

पुठ्ठ्यात खिडकी कापली, चकचकीत बाजू वर ठेवून निगेटिव्ह बसवली, कडांना पट्ट्या लावल्या. पण पट्ट्यांची ती बाजू अगदीच गबाळी दिसत होती. चौकट पालथी केली, तर दुसरी बाजू कशी देखणी. लॅबवाल्याने बघावं म्हणून त्या देखण्या बाजूवर मी 'ही बाजू वर' असं स्टिकर लावलं. त्याने स्टिकरवर विश्वास ठेवला.

वाढदिवसाला आईबाबांच्या कोपरीच्या घरी सगळ्यांसमोर फोटोवरचा कागद काढला. बाबा आईला जिलबीचा घास भरवतायत.

आत्या पुढे झाली. "दादा, डाव्या हाताने?"

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "उजवा पाकाने चिकट झालेला बहुतेक."

"तरीच," मामा म्हणाला, "दोघांचं कधी एकमत झालं नाही."

आईचा पदरही उजव्या खांद्यावर होता, पण तिकडे कुणी बघेना. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात बर्फी घातली.

आई त्या दिवशी बाबांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. तेव्हापासून रोज करतात. कप उजव्या हातात, डावा हात कोपराला लावून, नैवेद्य दाखवावा तसा तिच्यापुढे धरतात. न केलेल्या चुकीसाठी म्हातारा माणूस असा वाकलेला बघवेना, म्हणून शेवटी आईला मेथी निवडताना गाठून सगळं सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "पदर तसा कोण घेतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

"फोटो नीट करून आणतो. बाबांनाही सांगतो."

"कशाला? चहा करतायत ना."

"चांगला करतात?"

"छे. पण करतात."

तेवढ्यात बाबा माझ्यासाठी कप घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काय म्हणत होती? अजून राग आहे का रे?"

"थोडा," मी म्हणालो.

चहात साखर नव्हती. मी दोन कप प्यायलो.