भिंतीकडे तोंड करा जी

स्वतःच्या घराचा, तोही सताड उघडा असलेला दरवाजा वाजवून आत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा थोरला साडू आहे. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. वर्ध्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी ते पुण्यात आले, येरवड्यापलीकडे दोन खोल्यांत संसार मांडला, पुण्यासारखं बोलायला शिकले. पण वाक्याच्या शेवटचा 'जी' काही सुटला नाही. "आत येऊ का जी?" असं ते स्वतःच्याच उंबऱ्यावरून विचारत, आणि माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, आतून म्हणत, "नको. बाहेरच राहा. भाजी तेवढी आत द्या."

दुसऱ्याचं काही आपल्या नजरेस पडू नये, याची त्यांना विलक्षण धास्ती. खालच्या मजल्यावरचं पोस्टकार्ड चुकून त्यांच्याकडे आलं, तर मजकुराची बाजू छातीशी धरून, मान छताकडे करून ते जिना उतरत. पोस्टकार्ड ही सगळ्या गल्लीनं वाचायचीच वस्तू असते, हे त्यांना कुणी कधी पटवू शकलं नाही. एकदा जिन्यात घसरलेसुद्धा, पण कार्ड सुलटं होऊ दिलं नाही. बसमध्ये शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रावर नजर गेली, तर "माफ करा, मथळा वाचला गेला" म्हणत. खडकवासल्याला धरणाकाठी आम्ही सहलीला गेलो, तेव्हा कठड्यावर बसलेल्या एका जोडप्याला त्यांनी बऱ्याच लांबून खाकरून विचारलं, "आम्ही इकडून गेलो तर चालेल का?" जोडपं उठून निघूनच गेलं. भाऊजी दिवसभर हळहळत होते. "उठवायचं नव्हतं जी, विचारायचं होतं."

अशा माणसाच्या घरी संगणक आला. पुण्यात तेव्हा घराघरांत तो येत होता आणि घरच्या बाईनं शिवलेल्या झालरीच्या कापडाखाली बसत होता. आमच्या ऑफिसात नुकतंच संगणकाचं प्रशिक्षण झालेलं, त्यामुळे नात्यात मी तज्ज्ञ. ईमेल काढून द्यायला मलाच बोलावलं. मी म्हटलं, "आडनावाचा एकच काढू. आमच्याकडे तसाच आहे. सगळ्यांना चालतो."

"घरात टूथब्रश किती आहेत जी तुमच्या?"

"चार."

"मग इथेही चारच काढा."

त्यांची थोरली लेक सुजाता तेव्हा इंजिनिअरिंगला होती. ती पासवर्ड टाकायला बसली आणि भाऊजींनी हुकूम सोडला, "भिंतीकडे तोंड करा जी." ताई, धाकटा राहुल आणि खुद्द भाऊजी शिस्तीत वळले. मी म्हटलं, "अहो, मला तरी बघू द्या. तिचं काही अडलं तर?" ते भिंतीला उद्देशून म्हणाले, "अडलं तर ती विचारेल." मीही वळलो. समोर कॅलेंडर होतं. पुढे त्या घराचा हा रिवाजच झाला. कुणी मेल उघडायला बसलं की बाकीच्यांनी भिंतीकडे वळायचं, मग पाहुणा असो की गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस. त्या वर्षीच्या सुट्ट्या मला तारखांसकट पाठ झाल्या होत्या.

राहुलचं मात्र अडलं. तो होता अकरा वर्षांचा, आणि त्या फॉर्मला तेरा वर्षांखालचं मूल चालत नव्हतं. मी म्हटलं, "जन्मसाल मागे ढकला. कोण बघतंय?" भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माउसवरचा हात काढला. "पोरगा पहिल्यांदा जगापुढे जातोय, तो खोटं बोलत जाणार?" राहुल रुसला. त्याची समजूत म्हणून तेरा पूर्ण होईपर्यंत बाप त्याला आंतर्देशीय पत्रं पाठवत राहिला, त्याच घरातून त्याच घरी. पोस्टमन म्हणायचा, "काका, दोन खोल्या आहेत तुमच्या. हाक मारली तरी पोचेल." ताईंनाही ईमेल मिळाला. त्यांना लिहिणारं भाऊजींशिवाय कुणी नव्हतं. भाऊजी लिहीत, पाठवत, खुर्चीवरून उठत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. मग ताई बसत, वाचत, आणि मोठ्यानं उत्तर देत, "बरं, उद्या करते वांगी."

या सगळ्याचं कारण मी एकदा विचारलं. ते वसतिगृहात राहून शिकले होते. पोरांची पत्रं अधीक्षकांकडे येत आणि जेवणाच्या पंगतीत कारकून ती मोठ्यानं वाचून दाखवी. "आईला लिहिता येत नव्हतं. ती गुरुजींकडून लिहून घ्यायची," भाऊजी म्हणाले. "म्हणजे पाठवताना एकानं ऐकलेलं, पोचताना पन्नास जणांनी. एकदा तिनं लिहिलं, चड्डी फाटली असेल तर शिवून घे, उघडा फिरू नको. आठवडाभर पोरं तेच वाक्य म्हणत होती. मग मी आईला कळवलं, यापुढे फक्त खुशाली लिहीत जा." एवढं सांगून ते चहाचं बघायला आत गेले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. सुजाता खराडीत नोकरीला लागली, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं स्थळ मी आणलं. मुलगा चांगला, आणि सहकाऱ्याशी संबंध जुळले तर मलाही हवे होते. सुजाताला तो पसंत नव्हता. तोंडावर बोलायला तिला अवघड वाटलं, म्हणून तिनं बापाला मेल केली. भाऊजींनी वाचली, त्याच संध्याकाळी माझ्या घरी आले, उघडा दरवाजा वाजवला आणि म्हणाले, "मुलीचा नकार आहे. स्थळ तुम्ही आणलं, तर तुम्हीच कळवा जी." मी म्हटलं, "पोरी आधी नाहीच म्हणतात. मी बघतो." आणि मी काहीही कळवलं नाही. वाटलं, आठ-पंधरा दिवसांत वळेल.

एका रविवारी होकार धरून मुलाकडची मंडळी साडी आणि पेढे घेऊन त्यांच्या दारात हजर. सोबत मी. दार सुजातानंच उघडलं. "माझा नकार मी बाबांना केव्हाच सांगितलाय," ती म्हणाली. सगळे भाऊजींकडे बघू लागले. भाऊजी माझ्याकडे बघू लागले. आणि मी म्हटलं, "काय हे भाऊजी, आम्हाला सांगायचं तरी."

भाऊजी पुढे झाले. मग मुलाच्या वडिलांना हात जोडून म्हणाले, "माझंच चुकलं. सांगायचं राहून गेलं."

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गोष्ट रंगवून सांगण्याची मला खोड. पुढच्याच लग्नात मी सांगितलं, की पोरीनं नकाराची मेल पाठवली आणि बाप ती उघडायचा सोडून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पंगत लोळली. मग ही गोष्ट नात्यात नागपूरपर्यंत गेली. पोरांना वेगवेगळे ईमेल देऊन हातचं स्थळ घालवणारा येडपट बाप, अशी भाऊजींची ओळख झाली. सुजाताला खरं माहीत होतं. तिला त्यांनीच बोलू दिलं नाही, हे मला ताईंनी फार उशिरा सांगितलं.

गेल्या वर्षी वाघोलीला राहुलच्या नव्या घरात सगळे जमलो होतो. जेवणं उरकत आली आणि कुणीतरी फर्माईश केली, "काका, ती भिंतीची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी उभा राहिलो आणि खरी गोष्ट सांगितली. निरोप माझ्याकडे आला होता, मी दाबून ठेवला, आणि वर खोटं बोललो. कुणी हसलं नाही. सुजाता ताटातला भात चिवडत बसली. राहुलच्या बायकोनं घाईनं आइस्क्रीम आणलं.

भाऊजींनी त्यांच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसल्यावर ते हळूच म्हणाले, "आधीचीच बरी होती जी. तीत मी वेडा दिसायचो, त्याचं काही नाही. हीत तुम्ही वाईट दिसता."

 मी माझी आइस्क्रीमची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. तरीही छापायला दिली आहे ती ही दुसरी, खरी गोष्ट. सुजाताला विचारलं, ती "द्या" म्हणाली. भाऊजींना विचारलेलं नाही. ते नको म्हणाले असते.