न लाभलेल्या खड्यांचे घर

गोविंदराव कोटगिरवार यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते, आणि सासूबाई मला सोबत घेऊन त्यांच्या घरी एक अंगठी टाकून द्यायला निघाल्या होत्या. 'टाकून द्यायला' असेच म्हणावे लागेल. विकायला नव्हे, मोडीत घालायलाही नव्हे. नांदेडच्या सराफ्यात त्या अंगठीतला नीलम कोणी हातात धरायला तयार नव्हते. शेवटी एका दुकानदारानेच वाट दाखवली, "वजिराबादेत चष्म्याचं दुकान हाय, त्याच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. न लाभलेले खडे ते ठेवून घेतात."

नानांच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या रत्नसंग्रहाविषयी लिहायला सांगितले आहे. रत्नांची वजने, पैलू आणि खाणी यांविषयी अधिकाराने लिहिणारी मंडळी या ग्रंथात आहेत. मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई. नानांच्या हाताखाली भिंगातून बघायचा नाद लागला, एवढीच माझी पात्रता. मात्र त्या संग्रहातल्या एका खड्यापायी माझा संसार मोडता मोडता राहिला. ती हकीकत दुसरे कोणी लिहू शकणार नाही.

ती अंगठी माझ्या वडिलांनी साखरपुड्यात जावयाच्या बोटात घातली होती. मुलाच्या पत्रिकेला नीलम हवा, असे सासरकडूनच सांगणे आले होते. वडील जळकोटचे. लातूरला खेटे घालून, चार जाणत्यांना विचारून त्यांनी तो खडा मिळवला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि पाठोपाठ माझ्या पतींची मोटारसायकल घसरून त्यांचा पाय मोडला. नीलम लाभला नाही, यावर घरात एकमत झाले. खडा माहेरचा आणि मीही माहेरची. तेव्हा खड्याकडचे बोट माझ्याकडे वळायला वेळ लागला नाही.

नानांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. अंगठी चिमट्यात धरून ते उत्तरेच्या खिडकीशी गेले, बराच वेळ बघत राहिले आणि मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोरी, तू बघ. काय दिसतं सांग." सासरी आल्यापासून मला काय दिसते, काय वाटते, हे विचारणारे ते पहिलेच. मी बघितले. निळ्या उजेडात बारीक धागे एकमेकांना छेदत गेले होते. मी म्हणाले, "आत रेशीम आहे."

"बरोबर. खरा खडा हाय. भट्टीत तापवून रंग चढवला असता तर हे धागे उरले नसते. तुझ्या वडलांना कोणी फसवलं न्हाई."

वडिलांविषयी त्या दिवसांत ऐकलेले तेवढेच चांगले वाक्य होते. मला रडू आवरले नाही. सासूबाईंवर मात्र त्याचा उलटाच परिणाम झाला. त्या म्हणाल्या, "खरा हाय म्हनूनच बाधला ना भाऊ! खोटा असता तर काय केलं असतं त्यानं? ठिवून घ्या तुमच्याकडं. हिचं काय करायचं ते आमी बघू."

नानांनी चष्मा काढला. "हिचं म्हणजे?"

"पायगुन म्हनून काही असतंय का न्हाई? माहेरी धाडा, असं भावकीतले म्हनून राहिले."

"ताई," नाना म्हणाले, "हा दगड जमिनीच्या पोटात युगानुयुगं पडून होता. तिथं त्यानं कोणाचा पाय मोडला न्हाई. तुमच्या घरी येऊन सहा महिन्यांत एवढं सगळं शिकला व्हय?"

सासूबाई हसल्या नाहीत. तेव्हा नानांनी ती अंगठी आमच्यादेखत स्वतःच्या मधल्या बोटात घातली. "वर्षभर ही माझ्या हातात राहील. मला काही झालं तर तुमचं खरं. तोवर हिच्या पायगुणाचा शब्द घरात निघायला नको. आणि महिन्यातून एकदा हिला इकडं धाडा. मी जिता हाय का ते बघून जाईल."

"उगं जिवाशी खेळू नगा, भाऊ."

"खेळून तर तुम्ही राहिलात ताई, पोरीच्या जिवाशी."

सासूबाई कबूल झाल्या. आतून काकूंचा, म्हणजे नानांच्या पत्नींचा आवाज आला, "माझ्या बोटात आजवर एक खडा घातला न्हाई, अन् लोकांची साडेसाती मात्र हौसेनं मिरवा!" काकू असे बोलतात आणि लगेच चहा टाकतात. त्या दिवशीही टाकला.

बाहेरगावच्या वाचकांना हा प्रकार चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे सांगते. आमच्याकडे नीलम घालण्याआधी तो उशाखाली ठेवून निजायची रीत आहे. वाईट स्वप्न पडले तर खडा परत. स्वप्न पडले नाही तर बोटात. खरी पंचाईत होते ती नंतर घरात काही विपरीत घडले तर. मग तो खडा घरात ठेवायची भीती, गोदावरीत सोडावा तर जीव होत नाही आणि नात्यागोत्यात द्यावा तर त्यांचे वाईट चिंतल्यासारखे होते. अशा अडकलेल्या खड्यांना नानांनी आसरा दिला. ते त्यांची किंमत देत नाहीत आणि घेतही नाहीत. मालकाला पुन्हा हवासा वाटला तर खडा त्याचा त्याला मिळतो. खालच्या दुकानातली, चष्म्याचा नंबर तपासायच्या भिंगांची एक जुनी पेटी आहे, तिच्या खाचांत नीलम, गोमेद, लसण्या आणि पोवळी निजलेली असतात. मराठवाड्यात इतका देखणा आणि इतका बदनाम संग्रह दुसरा नसेल.

महिन्याच्या त्या फेऱ्यांमध्ये मी बघायला शिकले. नाना विजेच्या दिव्याखाली खडा कधीच बघत नाहीत. "दुकानातल्या दिव्याखाली सगळेच खडे राजबिंडे," असे त्यांचे म्हणणे. दागिना हातात आला की तो आधी उलटा करायचा, हा त्यांचा दंडक. पुढची बाजू लोकांसाठी घडवलेली असते, कारागिराचा स्वभाव पाठीमागे कळतो. एकदा त्यांनी मला एक जुनी चिंचपेटी दाखवली. समोरून मोती काळवंडलेले, एक कोंदण रिकामे. मागे मात्र एकेक टाका इतक्या प्रेमाने बसवलेला की मानेला कुठे बोचू नये. "घालणारीच्या मानेचा विचार केला हाय बघ यानं," असे म्हणून नाना कितीतरी वेळ त्या अनोळखी कारागिरावर खूश होऊन बसले होते. परक्या माणसावर असे खूश होता येते, हे मी त्यांच्याकडेच पाहिले.

खोटे मात्र ते बोलत नाहीत. समोरच्याला बरे वाटावे म्हणूनसुद्धा नाही. हिमायतनगरचे एक गुरुजी असेच एक लसण्या घेऊन आले. त्यांच्या घरी भावाभावांत वाटणी झाली होती आणि त्याचे खापर या खड्यावर फुटले होते. भीतीपोटी त्यांनी तो गोठ्यात, कडब्याच्या मागे, डबीत घालून ठेवला होता. नानांनी भिंगातून बघितले आणि सांगितले, "गुरुजी, ही काच हाय. आत हवेचे बुडबुडे दिसून राहिले." मला वाटले, फसवले गेलो म्हणून गुरुजी आता संतापतील. पण ते हसत सुटले. "म्हंजी आम्ही भाऊ भाऊ बाटलीच्या तुकड्यापायी येगळे झालो व्हय?" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. नाना त्यांच्याशेजारी बसून राहिले. अलीकडे लोक मोबाईलवरून खडे मागवतात, सोबत चकचकीत प्रमाणपत्र येते, आणि ते दोन्ही नानांकडे घेऊन येतात. नाना प्रमाणपत्र बाजूला ठेवतात आणि विचारतात, "घरी काय झालं?" हे विचारणे हाच त्यांच्या संग्रहाचा खरा उद्योग आहे, असे मला वाटते.

आता त्या वर्षाकडे वळते. घरात पायगुणाचा शब्द निघत नव्हता. सासूबाईंनी वचन पाळले होते. पण न बोललेले शब्दसुद्धा ताटात वाढल्यासारखे जाणवतात. मी दर महिन्याला नानांच्या घरून परतले की त्या विचारायच्या, "बरे हायेत का?" मी "हो" म्हटले की चुलीकडे वळायच्या. त्यांना नाना खोटे ठरायला हवे आहेत, अशीच माझी समजूत होती.

वर्ष भरत आले असताना बातमी आली. नानांच्या छातीत दुखू लागले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे ऑपरेशन होते. सासूबाई मटकन खाली बसल्या. माझी नजर कपाटावरच्या, माहेरून आणलेल्या माझ्या कपड्यांच्या पेटीकडे गेली. हेच बोलणे झाले होते, "मला काही झालं तर तुमचं खरं." नानांची काळजी करायची की स्वतःची, हेही मला कळेना, आणि कळेना याचीच लाज वाटत होती.

सकाळी सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, "चल." मला वाटले, जळकोटला. आम्ही दवाखान्यात गेलो.

नाना खाटेवर होते, काकू उशाशी. सासूबाई सरळ त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, काढा ती अंगठी. म्या हारले म्हना. हिला म्या आता कधी एक शब्द बोलनार न्हाई, देवाशप्पथ. पर ती काढा. माज्यापायी तुमचं काही झालं तर मला जगायचं न्हाई."

मी थक्क होऊन बघत राहिले. त्यांना नाना खोटे ठरायला नको होते. वर्षभर त्या या माणसासाठी जीव मुठीत धरून बसल्या होत्या.

नाना हळू आवाजात म्हणाले, "ताई, आज तुम्ही पायगुणाचं खूळ भिऊन सोडून राहिलात. उद्या घरात काही झालं की भिऊनच परत धराल. असं नको."

तेवढ्यात सिस्टर आल्या. आत अंगावर धातूची वस्तू चालत नाही, अंगठी काढावी लागणार होती. नानांनी ती काढली, क्षणभर विचार केला आणि माझ्यापुढे धरली. "पोरी, मी बाहेर येईस्तोवर तू घालून बस." मी हात पुढे केला. मी घाबरले नव्हते, असे सांगितले तर ते नानांना आवडणार नाही. मी घाबरले होते. तरी हात पुढे केला.

अंगठी माझ्या हातापर्यंत आलीच नाही. सासूबाईंनी ती मधेच घेतली. "दे इकडं. तू ल्हान हायेस. तुजं समदं व्हायचं हाय अजून." आणि ज्या खड्याच्या भीतीने त्यांनी लग्नाला सहा महिने झालेल्या सुनेला उंबऱ्याबाहेर काढायची तयारी केली होती, तो त्यांनी स्वतःच्या बोटात घातला.

ऑपरेशन चालू असताना त्या बाहेरच्या बाकावर मूठ घट्ट मिटून बसल्या होत्या. डोळे बंद, ओठ हलत होते. काही वेळाने मी त्या मुठीवर माझा हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. त्यांना मी 'आई' म्हणायचे ते तोवर रीत म्हणून. त्या बाकावर बसल्या बसल्या पहिल्यांदा मनापासून म्हणाले.

नाना सुखरूप बाहेर आले. आणि लगेच गावात बोलबाला झाला की नीलम नानांना लाभला! एक कंत्राटदार तर तीच अंगठी मागायला घरी आले. नाना वैतागले. मला म्हणाले, "मी हरलो पोरी. दगड काही करत न्हाई, हे मला दाखवायचं होतं. लोक शिकले काय, तर हा भलं करतो." मी म्हणाले, "नाना, मी सासरी आहे." त्यावर ते म्हणाले, "मग चालतंय."

मी नांदेडलाच राहिले, पुढे शिकले, शाळेत लागले. सासरे त्यांच्या आजारात मला हाक मारल्याशिवाय पाणीही घेत नसत. हे सारे नानांच्या त्या एका पैजेवर उभे आहे. जाणकार त्यांच्या संग्रहाचे मोल करतील, ते त्यांनी जरूर करावे. माझ्या लेखी नानांनी खडे कमी आणि माणसे जास्त ठेवून घेतली.

नानांना निरोगी शंभरी मिळो, उत्तरेच्या खिडकीशी बसायला नजर शाबूत राहो आणि काकूंची बोलणी त्यांना रोज चहाबरोबर मिळत राहोत.

हा लेख लिहिताना मी आईंना विचारले, "तुमच्याकडून नानांसाठी काय लिहू?" त्या आता थकल्या आहेत, बोलायला वेळ घेतात. विचार करून म्हणाल्या, "लिव्ह, म्या त्या खड्याला आजबी भिते. पर त्यांना गरज पडली तर पुन्ना घालंन."