टाचणीबाईंचा पडदा

तोंडात दिवसभर टाचण्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणायचे. धंदा पडदे शिवायचा. ज्यू लोकांच्या जुन्या प्रार्थनाघरात बायका-पुरुषांच्या मधे जो जाड पडदा होता, तोही त्यांनीच शिवलेला. जन्मभर त्याच्या मागे बसल्या. पुढे काय चाललंय ते दिसायचं नाही, शिवण मात्र छान दिसायची.

म्हातारपणी त्या ज्यूंच्याच एका नव्या प्रार्थना-मंडळात गेल्या. नाचाच्या क्लासची भाड्याची खोली, भिंतीभर आरसे, बायका-पुरुष शेजारी शेजारी, आणि रब्बी, म्हणजे धर्मगुरू, एक तरुण बाई. खरं कारण सून. ती ज्यू घरातली नव्हती. जुन्या ठिकाणी जिन्यातच थांबायची. इथे तरी तिने आत यावं, एवढंच बाईंना हवं होतं.

तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवतात त्या कपाटाला पडदा हवा होता. रब्बीबाई म्हणाल्या, घरोघरच्या कापडांचा करू. कुणी बाळाचं दुपटं आणलं, कुणी लग्नातला रेशमी रुमाल. बाईंनी आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या लोकरी कोटाची पाठ मधोमध लावली. सुनेने तिच्या आईचं टेबलावरचं लिनन दिलं, कडेला निळी वेल.

ते बाईंनी बाजूला ठेवलं. लोकर आणि लिनन एकत्र शिवायचं नाही, हा त्यांच्यातला जुना नियम. आहे तो अंगावरच्या कपड्यांपुरता, पण आईने सुई हातात देतानाच सांगितलेला. हातांना कुठला असा बारीक फरक कळायला!

सून बाईंकडे आली होती, ती चहा घेऊन आत आली. पडदा होत आलेला, तिचं कापड खुर्चीवर.

"माझं राहिलं वाटतं?"

"ते नाही चालायचं यात," बाई टाचण्यांमधून म्हणाल्या.

"कळलं." चहा ठेवून ती गेली, आणि नवऱ्याला म्हणाली, "यापुढे प्रार्थनेला तू एकटा जा."

मुलगा तणतणत आला. "आई, तिच्या आईची तेवढी एकच वस्तू होती! बाहेरची म्हणून तीही नको का?"

टाचण्या भराभर बाहेर आल्या. "अरे, मी कापडाचं बोलत होते रे!"

बाईंनी रब्बीबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "पडद्याला तो नियम लागत नाही. लावा की दोन्ही."

"तुमचं बरोबर आहे हो, पण माझे हात ऐकत नाहीत."

घरी येऊन त्या कोटासमोर बसून राहिल्या. मग कात्रीचं टोक घालून टाके उसवले.

दुसऱ्या दिवशी पडदा काखेत मारून सुनेच्या घरी. मधोमध लिनन बघून ती चाचपत राहिली. "इथे तर बाबांचा कोट होता ना?"

बाईंनी नियम सांगितला. या खेपेला तोंड रिकामं ठेवून.

"मग माझंच ठेवायचं ना बाहेर. ते घरचे."

"आणि तू काय शेजारची? त्यांना प्रार्थनेला न्यायचं म्हणजे दर वेळी माझ्या नाकी नऊ यायचे. सुटले एकदाचे!"

सुनेने डोळे पुसले, मग पडदा उजेडात धरला. "आई, वेल उलटी लागलीय."

खरंच लागली होती. "आण ती कात्री," बाई म्हणाल्या, "आणि तूही बस."

शुक्रवारी सूनच शिडीवर चढून पडदा टांगत होती. उतरली, हात झटकले आणि पुढच्याच रांगेत बसली. प्रार्थनेतलं तिला अक्षर कळेना. शेजारी नवरा होता. त्यालाही फारसं कळत नव्हतं.