स्टोअरच्या यादीचा बॅकअप

मरोळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात एअरकंडिशनर एकच होता आणि तोही कॉम्प्युटरसाठी. कॉम्प्युटर सांभाळायला मी होते, म्हणून थोडा गारवा माझ्याही वाट्याला यायचा. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. माझं वय तेवीस, कोर्स नुकताच संपलेला आणि डोक्यात हवा. एका कॉम्प्युटरला चार पडदे आणि चार कीबोर्ड जोडलेले होते. त्यातली कुठली फाइल कोणी नुसती वाचायची आणि कोणी तिच्यात लिहायचंही, हे मी ठरवायची. साहेबांनासुद्धा पासवर्ड माझ्याकडूनच घ्यावा लागे. हे मला किती आवडायचं ते आज सांगायला लाज वाटते.

स्टोअर सांभाळणाऱ्या मालवणच्या गृहस्थांना सगळे काका म्हणत. कुठला सुटा भाग कुठल्या रॅकवर आहे, कुठल्या जुन्या पंपाला तो चालतो, तो नसला तर दुसरं काय बसतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. मार्चमध्ये ते रिटायर होणार होते. त्याआधी त्यांचं डोकं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घे, असं मला सांगण्यात आलं. वर्षभर काका सांगत होते आणि मी टाइप करत होते. मला ते चेडू म्हणत, म्हणजे पोर. पुढे पुढे ते स्वतःच एका बोटाने टाइप करायला शिकले. रोज सकाळी चहाआधी येऊन पडद्यावर आपली यादी वाचत बसायचे. म्हाताऱ्याला आपलं नाव झालेलं बघायला आवडतंय, असं मला वाटायचं.

एका सकाळी मी पोचले तर काका गोरेमोरे होऊन बसलेले. काहीतरी लिहायला गेले आणि एका रॅकच्या सगळ्या ओळी पुसून बसले होते. मी भडकले. ‘काका, दहा मिनिटं थांबता येत नव्हतं?’ त्यांच्यादेखतच मी त्या फाइलवरची त्यांची लिहायची परवानगी काढून टाकली. वाचायची ठेवली.

‘यादी माझी,’ ते म्हणाले, ‘आणि हात मीच लावूक नाय?’

‘तुमच्याच भल्यासाठी आहे. काळजी करू नका, माझ्याकडे बॅकअप असतो.’

पुसलेलं मी त्या बॅकअपमधून परत आणलंही. दर शुक्रवारी दुपारी सगळ्या फाइली मी आठ फ्लॉप्यांवर उतरवायची. कारखान्याला आग लागली तर कॉपीही जळेल, म्हणून ती बाहेर ठेवायची असा नियम. बाहेर म्हणजे आमच्या घाटकोपरच्या घरी, आईच्या कपाटात, तिच्या लग्नातल्या शालूखाली. दुसरा संच करायला हवा होता, पण नव्या फ्लॉप्या मागायचा मी कंटाळा केला.

खंडेनवमीला आईने नेहमीप्रमाणे पाटावर हत्यारांची पूजा मांडली. विळी, शिवणयंत्र, बाबांचे पाने. त्या वर्षी लेकीचंही हत्यार होतं. तिने फ्लॉप्यांची चळत पाटावर ठेवली. वरची पाकिटातून काढली आणि तिच्या मधल्या उघड्या खिडकीत, जिथे आतली तपकिरी तबकडी दिसते तिथे, हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून सगळं परत शालूखाली ठेवलं. मी त्या दिवशी कारखान्यातल्या पूजेला गेले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरची आतली डिस्क बंद पडली आणि तिच्यावरच्या सगळ्या फाइली गेल्या. मी अगदी ऐटीत घरून फ्लॉप्या आणल्या. सात नीट वाचल्या गेल्या. वरची घातली तेव्हा आतून खरखर आवाज आला. कापूस, स्पिरिट, सगळं करून पाहिलं, पण तिच्यावरचं एक अक्षर वाचता येईना. लेबलावर लिहिलं होतं, स्टोअर. पहिल्या निम्म्या रॅकची जुनी छापील प्रत होती. उरलेली निम्मी यादी गेली.

घरी जाऊन मी आईवर ओरडले. ती एवढंच म्हणाली, ‘अगं, तुझ्या कामाला यश यावं म्हणून केलं.’ मग आत जाऊन भाजी चिरत बसली. मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना सगळं सांगितलं. ते चिडतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते हसले. ‘आवशीन पूजा केल्यान, तिका कित्या बोललंस? चल, परत सांगतंय.’

आम्ही बसलो. गेलेल्यांतला पहिला रॅक भराभर झाला. दुसऱ्याला ते अडखळले. तिसऱ्याला थांबले ते थांबलेच. मला उठवून स्टोअरमध्ये घेऊन गेले. रॅकवरचं एक रबरी सील हातात घेतलं, फिरवलं, अंगठ्याने चाचपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘खयच्या पंपाचा ता आठवना नाय गो. वरीस झाला, असाच जाता डोक्यातसून. म्हणान तर रोज वाचूक येय.’

मग त्यांनी सांगितलं, रॅकच्या ओळी पुसल्या गेल्या त्या सकाळी त्यांना एका भागाची विसरलेली जागा एकदम आठवली होती. मी येईपर्यंत ती परत जाईल, या धास्तीने ते लिहायला बसले होते. आणि मी त्यांना दहा मिनिटं थांबता येत नाही का, असं विचारलं होतं. मला तिथेच, ग्रीसच्या वासात, रडू आलं. काकांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला. तोही तेलकट होता.

त्याच दिवशी मी त्यांची लिहायची परवानगी परत दिली आणि रोज दोन-दोन कॉपी काढायला लागले. घरी आईची माफी मागितली. कारखान्यातले जुने फिटर येऊन आम्हाला मदत करत. काही भागांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. काका रोज काही ना काही लिहीत. मी मुद्दाम बघायला जात नसे.

मार्चमध्ये त्यांना नारळ आणि शाल दिली. पुढच्या आठवड्यात यादी छापायला घेतली, तेव्हा सगळ्या रॅकच्या खाली, अगदी तळाला, आणखी काही ओळी सापडल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मालवणी. घरी जायची बस कुठली. उतरायचं कुठे. चष्मा शर्टाच्या खिशात बघायचा. नातीचं नाव. आणि मग ही ओळ:

‘कॉम्प्युटरवाला चेडू रागावता. पण तेका सांगितल्यार लिवन ठेवता.’