नंदिताची डायलिसिसची गाडी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी नंदिता गाडी चालवायला शिकली ती वडिलांसाठी. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. वडील गेले, पण त्यांच्या शेजारच्या खाटांवरचे लोक तिला फोन करत राहिले. "अम्मा, आम्हालाही सोडाल का?" तिने शाळेतली नोकरी सोडली आणि तेच काम धरलं. आज आसपासच्या खेड्यांतले कितीतरी पेशंट तिच्या गाडीने तंजावूरला येतात.

मागच्या आषाढात गाडीचा पिवळा दिवा पेटला. एका गॅरेजवाल्याने संगणक लावून पाहिलं आणि सांगितलं, सायलेन्सरच्या नळीवरच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर गेलाय. हा सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. त्याने नवा सेन्सर बसवला. दिवा विझला. आठवडाभराने पुन्हा पेटला. नंदिताने मनात म्हटलं, पेशंटची घाई संपली की बघू.

ती घाई कधी संपलीच नाही.

त्या सकाळी ओरत्तनाडू गावाहून ती अलमेलुअम्मा या पेशंटला घेऊन निघाली होती. घरात लग्न होतं म्हणून अम्मांनी डायलिसिसची आदली खेप चुकवली होती. पाय सुजलेले, धाप लागलेली. कालव्याचा पूल ओलांडला आणि इंजिन एकदम थांबलं. आचका नाही, आवाज नाही. गाडी तशीच घरंगळत चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

नंदिताने पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, वेळ लागेल म्हणाले. मग तिने कृष्णाजींना फोन लावला. कृष्णाजी तिच्याच गल्लीतले, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे.

"मामा, इंजिन बंद पडलंय. आत अलमेलुअम्मा आहेत, त्यांना दम लागलाय."

"मी स्कूटरवर निघतो, फोन चालूच ठेव, मला यायला वेळ लागेल. तोवर फ्यूजचा डबा उघड. इंजिनचा फ्यूज बघ."

फ्यूज जळला होता. तिने जवळचा एक नवा बसवला, किल्ली फिरवली. तोही लगेच उडाला. तिने ते सांगितलं, आणि मागे बदललेला सेन्सर व पुन्हा पेटलेला पिवळा दिवाही सांगितला.

"थांब, दुसरा घालू नकोस," कृष्णाजी म्हणाले. "तुझ्या गाडीत त्या हीटरला आणि स्पार्कच्या कॉईलींना एकाच फ्यूजमधून वीज जाते. म्हणून इंजिन मेलं. सेन्सरचा प्लग काढ, कॉईलींचेही काढ. टेस्ट लॅम्प आहे ना तुझ्याकडे? फ्यूजच्या दोन खाचांत त्याची दोन टोकं घाल आणि किल्ली ऑन कर."

मागच्या सीटवर अलमेलुअम्मा खिडकीला कपाळ टेकून बसल्या होत्या. "कण्णु, बाळ, मला झोपता येत नाही गं," त्या तमिळमध्ये पुटपुटल्या. "आडवी झाले की छातीत पाणी चढतं."

"बसूनच राहा अम्मा. निघतोच आपण." हे खरं आहे की नाही, तिला माहीत नव्हतं.

सगळे प्लग काढले. टेस्ट लॅम्प लावला. लखलखीत पेटला.

"पेटलाय मामा!"

"प्लग काढूनही वीज वाहतेय, म्हणजे दोष सेन्सरमध्ये नाही. मधली वायर कुठेतरी लोखंडाला टेकतेय. वायर हलवत जा, दिवा विझेल तिथे दोष. पण हाताने नको, नळी तापलेली असेल."

तिने चिंचेची वाळकी काटकी मोडली. इंजिनवरून नळीकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा इंचाइंचाने ढकलू लागली. दिवा तसाच. घाम डोळ्यांत उतरत होता. मागून अम्मांचा श्वास ऐकू येत होता, मध्येच थांबत होता, आणि तो थांबला की नंदिताचा हातही थांबत होता. काटकी आणखी खाली गेली. दिवा विझला. सोडली, पेटला. पुन्हा ढकलली, विझला.

तिथे जुडगा थेट नळीवर पडला होता. वायरीचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलं होतं. जुडग्याला वर धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलताना ती काढली होती आणि परत लावलीच नव्हती.

किल्ली बंद करून तिने जुडगा वर ओढला, तेव्हा मनगट नळीला लागलं. चर्र झालं. तिने हात झटकला. उघड्या तांब्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली, ओढणीची कड फाडून जुडगा वर, नळीपासून लांब बांधला. प्लग लावले. शेवटचा फ्यूज बसवला.

"आता फिरव," फोनवर कृष्णाजी म्हणाले.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. पिवळा दिवा अजून पेटलेलाच होता, पण गाडी चालत होती. नंदिताने ॲम्ब्युलन्सला नको म्हणून कळवलं आणि हॉर्नवर हात ठेवूनच तंजावूर गाठलं.

हॉस्पिटलच्या दारात परिचारिकेने अम्मांना चाकाच्या खुर्चीत घेतलं आणि पळतच आत नेलं. नंदिताने गाडी बाजूला लावली. ती पायरीवर बसली.

कृष्णाजी वाटेतूनच वळून तिथे आले. आधी त्यांनी तिच्या मनगटावर नळाचं पाणी सोडलं, मग गाडीकडे वळले. हीटरचा रोध मीटरवर मोजला. सेन्सर खरंच ठीक होता. जळका तुकडा कापून नवी वायर जोडली, त्यावर उष्णता सोसणारी नळी चढवली, क्लिप बसवली आणि गाडीच्या संगणकात नोंदलेला दोष पुसला, तसा पिवळा दिवा विझला.

"क्लिप परत लावली असती तर हे झालंच नसतं," ते म्हणाले. "पण नंदिता, दिवा पेटल्यावर तू माझ्याकडे का आली नाहीस?"

"पेशंट चुकले असते, मामा."

"आणि आज?"

तिने वायरीचा जळका तुकडा खालून उचलून हातात घेतला.

दुपारी अलमेलुअम्मा स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या, चेहऱ्यावरची सूज उतरलेली. परिचारिकेने नंदिताच्या मनगटावर लावलेलं मलम बघून त्यांनी विचारलं, "हे काय झालं?"

"काही नाही, भाजलं थोडं."

"मग परवा येशील ना?"

"येईन," नंदिता म्हणाली, आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.