सुमनकाकींची चार घरं

सुमनकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी नकाशा घेऊन सरकारी कचेरीत रांगेत उभी होते. ‘ताई, आई दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाय…’ त्यांची मुलगी रेखा एवढंच बोलू शकली. रांग पुढे सरकली, मी तिथेच राहिले. त्याच खिडकीपाशी काकी माझ्यासोबत किती वेळा ताटकळल्या होत्या!

मी कर्जतला, भिसेगावात, घरांचे आराखडे काढून देते. काही वर्षांपूर्वी कडावजवळच्या एका गावातून काकी सातबारा घेऊन आल्या. नवऱ्यामागे एकटीने भातशेती करणारी बाई. ‘माज्या वरकस जमिनीत चार घरं बसतील का गं?’ वरकस म्हणजे भात न होणारी माळाची जमीन. मला वाटलं, घरं भाड्याने द्यायची असतील. मग हळूहळू कळलं. रेखा आणि जावई साजगावला कारखान्यात कामाला. दर अकरा महिन्यांनी खोलीचा भाडेकरार संपला की बिऱ्हाड टेंपोत. रेखाच्या बाळंतपणाला म्हणून काकी तिकडे गेल्या आणि तापाने स्वतःच आडव्या झाल्या. चाळीतल्या तीन बायकांनी आपापल्या शिफ्ट सांभाळून मायलेकी दोघींचं केलं. ‘लेकीला शेक दिला त्यांनी, मला पेज पाजली. आता मी नुसतं लेकीला घर बांधू नि त्यांना तितंच ठेवू?’ काकींनी विचारलं.

जागा गावठाणाला लागून होती, पण सरकारी विकास आराखड्यात ती शेतीसाठी राखलेल्या हिरव्या पट्ट्यात. शेतकऱ्याला राहायला एक घर चाललं असतं, चार नाही. अर्ज दोनदा परत आला. दुसऱ्यांदा मीच म्हटलं, ‘काकी, सोडून द्या आता.’ त्या कागद उचलून गेल्या. चार दिवसांनी वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘तिसरा लिव.’

मग नियम सैल झाले. गावठाणालगत लहान, परवडणाऱ्या घरांना परवानगी मिळू लागली, तीही लवकर. स्कूटी काढून मी थेट त्यांच्या शेतावर गेले. पण सवलत काही एकट्या काकींना नव्हती. आठवड्याभरात बंगल्यांची स्कीम काढणारा एकजण जमीन मागायला त्यांच्या ओटीवर येऊन बसला. गावातल्या काहींनाही तेच बरं वाटत होतं. बंगलेवाले शनिवारी येतात, रविवारी जातात. कारखान्यातली माणसं कायमची राहणार. ग्रामसभेत एकाने विचारलंच, ‘काकी, बाहेरची लोकं गावात कशाला आणता?’

काकी पदर सावरून उभ्या राहिल्या. ‘बाहेरची तर मी पन हाय रं. लगीन होऊन आले तवा एक मानूस वळखीचं नवतं. तुजी आय पन बाहेरचीच. आमी आलो म्हनून गाव बुडालं का?’

आधी बायका हसल्या, मग तो विचारणाराही. कुरकुर राहिली, पण ठराव झाला. बंगलेवाल्याला काकींनी चहा पाजून वाटेला लावलं. दोन-दोन खोल्यांची घरं उभी राहिली. जमिनीचा एक पैसा त्यांनी घेतला नाही. बांधकामापुरतं कर्ज चौघींनी काढलं. नियम बदलला म्हणून ती घरं झाली, हे खरंच. पण त्याच नियमाने तिथे बंगलेही झाले असते… आणि मी तर सोडून द्या म्हणाले होते. ते मनातून जात नाही.

घरांच्या चाव्या दिल्या आणि महिन्याभरात काकी गेल्या. दिवसपाणी झाल्यावर मी त्या चौघींकडे गेले. चाळीतली संगीता नुकतीच कामावरून आली होती. तिच्या बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, भिंतीत एक वाकडा खिळा होता. माझी नजर गेलेली पाहून ती म्हणाली, ‘काकींनी ठोकलाय. भाड्याच्या खोलीत मालक खिळा मारू देत नवता ना… चावी दिली नि लगेच हातोडी मागितली त्यांनी. म्हनाल्या, मार गं, भिंत तुजी हाय. माजा हात काय उचलेना, मग त्यांनीच मारला.’

‘गवंड्याला सांगून सरळ करून देऊ का?’

‘नको ताई.’

बोलता बोलता तिने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढलं, न बघताच त्या खिळ्याला अडकवलं आणि चहा ठेवायला आत गेली.