कोर्टवाली मावशी

नऊ वर्षं ती फौजदारी कोर्टाच्या शेवटच्या बाकावर बसली, आणि तिथे तिचा एकही खटला नव्हता. ती आमच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची, मीही. काळ्या आणि गोऱ्या आरोपींना अमेरिकेतलं कोर्ट कसं वेगवेगळं वागवतं, हा आम्हा दोघांचा विषय. 'कोर्टवाली मावशी' हे नाव माझ्या मुलीने ठेवलेलं.

कोर्टात ती वही काढत नसे. सगळं डोक्यात साठवायची आणि जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून लिहून काढायची. बाकावर बसलेल्या आरोपींच्या आया विचारायच्या, "तुझं कोण आहे आत?" ती सांगायची, "कुणी नाही, मी लिहायला येते." तरी त्या सरकून जागा द्यायच्या. मला म्हणायची, "निकाल मागाहून बघ रे. न्यायाधीश कुणाला नावाने बोलावतात आणि कुणाला फाइलच्या नंबरने, ते आधी बघ."

मी ते कधीच बघायला गेलो नाही. माझ्या अभ्यासातले हजारो खटले कॉम्प्युटरवर होते. ती श्रूजबरीला आमच्या घरी जेवायला आली की मुलगी तिच्याच शेजारी बसायची. एकदा मी म्हणालो, "अगं, मीपण हेच शिकवतो."

"येस बाबा, बट शी गोज देअर."

"बाबाच्या आकड्यांशिवाय माझ्या गोष्टींना कोण विचारतंय?" मावशी म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणूनच जास्त झोंबलं.

तिला कायम करायचं की नाही, हे ठरवायच्या बैठकीत एकाने विचारलं, "हे संशोधन आहे की बातमीदारी?" याचं उत्तर देऊ शकेल असा त्या खोलीत मी एकटाच होतो. मी कॉफी ढवळत राहिलो. कॉफीत साखरही नव्हती. मावशीची नोकरी गेली.

महिन्याभराने तिने टेक्सासमधल्या एका कॉलेजसाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. मी एका दमात चार पानं लिहिली. त्या दिवशी बोलायला हवं होतं ते सगळं लिहिलं. शब्दन् शब्द खरा होता. ती लांब जावी म्हणून लिहिला, हेही खरं.

ती निघाली त्या सकाळी मी तिची पुस्तकांची खोकी गाडीत चढवत होतो.

"तिथल्या हेडने तुझं पत्र मला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "रडले रे मी. मग तू बैठकीत असताना इथे असं कसं झालं?"

"माझं एकट्याचं कोण ऐकतंय?"

"हो ना," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू नको मनाला लावून घेऊस."